कळीचा चुना

तव्यावर भाकरी भाजते, आणि तव्याला लागलं तर बोटही भाजतं. एकातून जेवण होतं, दुसऱ्यातून फोड येतो, पण क्रियापद आपण बदलत नाही. 'जळणं' वेगळं. जे जळतं ते हातचं जातं. सरपण जळतं, उसाचं पाचट जळतं, तुळजापूरला गोंधळ्याच्या हातातल्या पोताचं तेल जळतं. पोळतात ते उन्हातले अनवाणी पाय आणि घाई करणारी जीभ. कुंथलगिरीकडे खव्याच्या कढईत ढवळणारा हात क्षणभर थांबला की खवा करपतो. 'भाजणं' मात्र दुधारी. त्यातून शेंगा, वांगी, मडकी, विटा अशा कामाच्या गोष्टी निघतात आणि भाजलेला हातही निघतो.

या क्रियापदाच्या दोन्ही बाजूंना बसलेला एकच पदार्थ मला ठाऊक आहे. चुना आधी आपण भाजतो, मग चुन्यानं आपण भाजतो. आणि हे दुसरं भाजणं होतं तेव्हा आसपास कुठंही विस्तव नसतो.

चुन्याचा माग मी धाराशिव जिल्ह्यातच काढणार आहे. इथं तो सोपा आहे म्हणून नव्हे. उलट या जिल्ह्यात चुन्याचा डोंगर नाही, सगळा काळा पाषाण. पण भाजण्याची इतकी जुनी पेठ महाराष्ट्रात फार ठिकाणी सापडत नाही.

ती पेठ म्हणजे तेर. तेरणेच्या काठचं हे गाव पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात 'तगर' म्हणून येतं. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेलं मोठं नगर, तिथून गाड्या भरून कापड भडोचच्या बंदराला जायचं. कापड कुजलं, गाड्या गेल्या, राहिली ती भाजलेली माती. गावच्या पांढरीत नांगर घातला की मणी, बाहुल्या, खापरं वर येत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी ती आयुष्यभर वेचली, आणि आज तेरचं सरकारी वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावानं उभं आहे. गावातलं त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल, म्हणून ते मूळचं बौद्ध चैत्य असावं असं अभ्यासकांचं मत आहे. तेरच्या जुन्या विटांची कीर्ती अशी की त्या पाण्यावर तरंगतात. हे ऐकून कुणी हात जोडतं, कुणी हसतं. दोन्हींची गरज नाही. विटेच्या मातीत भाताचं तूस भरपूर कालवायचं. भट्टीत तूस जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. एकाच विटेत जे जळलं ते गेलं, जे भाजलं ते राहिलं, आणि जे गेलं त्याच्यामुळं जे राहिलं ते हलकं झालं.

याच तेरचे गोरोबाकाका. परंपरेनं त्यांचा काळ 1267 ते 1317 मानला जातो. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून बघितलं, ही कथा महाराष्ट्रात पोराटोरांना ठाऊक आहे. नामदेव कुरकुरले, आणि 'हे मडकं कच्चं' असा निकाल लागला. कथेतलं अध्यात्म बाजूला ठेवलं तरी कुंभाराचं ज्ञान अगदी चोख आहे. कच्चं मडकं नुसतं वाळलेलं असतं. पाण्यात टाकलं की पुन्हा चिखल. आव्यात पाच-सहाशे अंशांच्या पुढं गेलं की मातीच्या कणांत बांधलेलं पाणीही निघून जातं, आणि मग ते मडकं फुटेल, पण चिखल कधी होणार नाही. म्हणजे जगाचे दोन भाग पडले, कच्चं आणि पक्कं. एकदा पक्कं झालं की माघारी वाट नाही.

चुना या दोन्हींत बसत नाही. गोरोबांच्या थापटण्याला तो काय उत्तर देईल हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

काळ्या पाषाणाच्या मुलखात चुना आला कुठून? शेतातून. बेसाल्ट खडक झिजून माती होते तेव्हा त्यातला कॅल्शियम पाण्यात उतरतो, खाली झिरपतो, आणि उन्हाळ्यात पाणी उडून गेलं की मातीत पांढरट, वेड्यावाकड्या गाठी धरतो. नदीकाठच्या दरडीत, विहिरीच्या खोदाईत त्या दिसतात. हीच आपली चुनखडी. शेतकऱ्याला ती डोळ्यासमोर नको असते, कारण चुनखडीच्या रानात ऊस पिवळा पडतो. जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. त्या रोगाला आपल्याकडे 'केवडा' म्हणतात, इतकं सुंदर नाव वाईट रोगाला देणारी माणसं आपण. एकाला नकोशी असलेली ही गाठ दुसरा टोपलीत वेचून न्यायचा. मराठी मुलखात हा दुसरा माणूस बहुधा लोणारी. लोणाऱ्यांचे धंदे दोन, कोळसा पाडायचा आणि चुना भाजायचा. एकात लाकूड जाळायचं, पण पुरतं जळू द्यायचं नाही, आणि दुसऱ्यात दगड भाजायचा तो मात्र पुरता. दोन्ही कामं आगीला लगाम घालायची.

चुन्याची भट्टी म्हणजे कोळशाचा एक थर, चुनखडीचा एक थर, पुन्हा कोळसा, पुन्हा चुनखडी. खालून पेटवायचं आणि धीर धरायचा. साधारण नऊशे अंशांना चुनखडी सुटू लागते. तिच्यातून एक वायू निघतो, ज्याला ना रंग ना वास, आणि तो हवेपेक्षा जड. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून चव्वेचाळीस किलो वायू उडून जातो आणि छप्पन्न किलो चुना उरतो. दगडाचा आकार जवळपास तोच, पण हातात घेतला तर निम्म्यासारखा हलका. भट्टीचा खरा धोका चटक्याचा नव्हताच. थंडीच्या रात्री ऊब मिळते म्हणून भट्टीच्या कडेला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला कुणी आडवं झालं, तर चुनखडीतून सुटलेला तो वायू आणि अर्धवट जळलेल्या कोळशाचा विषारी धूर, दोन्ही जमिनीलगत अंगावर येत. न खोकता, न ओरडता माणूस झोपेतच जायचा. जगभरच्या चुन्याच्या भट्ट्यांनी अशी माणसं नेली आहेत.

भाजून निघालेल्या ढेकळाला मराठीत 'कळी' म्हणतात. चुनकळी, कळीचा चुना. लॅटिनमध्ये याच ढेकळाला 'जिवंत चुना' असं नाव होतं, कॅल्क्स व्हिव्हा. त्यातल्या 'कॅल्क्स'वरून हम्फ्री डेव्हीनं 1808 साली नव्या धातूचं नाव कॅल्शियम ठेवलं. रोमनांना त्यात जीव दिसला, आपल्याला कळी. मला आपली उपमा जास्त नेमकी वाटते, कारण पाणी घातल्यावर जे होतं ते खरोखर उमलण्यासारखंच असतं. (कळ लावणाऱ्या नारदाचा याच्याशी काही संबंध नाही. पण चुनकळीच्या ड्रमात पाणी ओतणाऱ्याला तसा तो जोडावासा वाटेल.)

आमच्या घरी नवरात्राआधी भिंतींना चुना द्यायचे. अंगणात लोखंडी ड्रम मांडायचा. जर्मनच्या पातेल्यात चुना विरवायचा नाही, कारण तो अ‍ॅल्युमिनियम खातो, हे रसायनशास्त्राच्या आधी आजीनं सांगितलं होतं. तिच्या शब्दांत, 'पातेलं चाळणी व्हतंय.' ड्रमात कळ्या टाकायच्या आणि पाणी सोडायचं. पहिलं मिनिटभर काही नाही. पाणी नुसतं आत जिरतं, जणू कळी तहानलेली. मग एक तडा गेल्याचा आवाज, दुसरा, आणि बघता बघता सगळा ड्रम रटरटायला लागतो. खाली जाळ नाही, काडी नाही, आणि वर वाफा.

"लेकरा, लांब हो. चुना फुलायलाय."

लांब व्हायचंच होतं. एक किलो चांगल्या चुनकळीत साधारण तीन लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता असते. तीही सावकाश नाही, एकदम. वर उडालेला थेंब नुसता उकळता नसतो, दाहकही असतो. पाण्याचा चटका बसून जातो, चुन्याचा थेंब बसून राहतो आणि आत खात जातो. माझ्या डाव्या मनगटावर अशा एका थेंबाचा डाग अजून आहे. एकदा विरला की मग चुना शांत. नीळ आणि डिंक घालून गाळायचा, आणि कुंचल्यानं भिंतीवर. ओला असताना भिंत मळकट दिसायची, वाळली की डोळे दिपायचे. तो नुसता वाळत नव्हता, हे फार उशिरा कळलं. त्याबद्दल पुढे.

ही विस्तवाशिवायची आग जगाला फार दिवस छळत होती. तगरचा माल रोमकडे जात होता त्याच्या थोडंच आधी व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकारानं लिहून ठेवलं की भाजल्यावर दगडाचं वजन सुमारे एक तृतीयांशानं घटतं, पण आगीचा काही अंश आत दडून राहतो. पुढं चारशे वर्षांनी संत ऑगस्टीनला याचं इतकं नवल वाटलं की त्यानं ते देवाच्या चमत्कारांच्या चर्चेत घातलं. जी आग पाण्यानं विझायची ती इथं पाण्यानं जागी होते, आणि तेल, जे आगीचं अन्न, ते ओतलं तर ढिम्म हलत नाही. भाजणं म्हणजे आग आत शिरणं, हा सिद्धांत सोपा होता. ज्याला चटका बसला त्याला पटणाराही होता.

तो मोडला 1756 साली, स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकनं. निमित्त मुतखड्याचं. त्या काळी मुतखड्यावर चुन्याची निवळी पाजत, आणि एडिनबराच्या दोन प्राध्यापकांत वाद लागला होता, शिंपल्याचा चुना गुणकारी की दगडाचा. ब्लॅक या भांडणापासून दूर राहिला, त्यानं तराजू घेतला. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा वजन केलं. निघालं ते असं की चुना दाहक होतो तो आत काही शिरल्यामुळे नव्हे, तर आतून काही निघून गेल्यामुळे. त्या निघून गेलेल्या वायूला त्यानं 'बांधलेली हवा' म्हटलं. आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. चुन्याच्या अंगची आग म्हणजे त्याची भूक. पाणी दिसलं तर पाणी ओढतो, जिभेचा ओलावा दिसला तर तो, डोळा दिसला तर डोळा. आणि ज्याच्या वियोगानं हे सगळं सुरू झालं तो वायू हवेतून पुन्हा मिळाला, की शांत होऊन पूर्ववत दगड. भिंतीवरचा चुना वाळत नाही तो असा. तो श्वास घेतो.

मडकं पुन्हा माती होत नाही, राखेचं लाकूड होत नाही. चुना मात्र फिरून चुनखडी होतो. मधल्या काळात तो जो काही असतो, त्या मधल्या काळाचंच हे सगळं पुराण आहे.

त्या मधल्या काळात राजे त्याला हव्या त्या आकारात बसवून घेत. जिल्ह्यातलं याचं सर्वांत धाडसी उदाहरण नळदुर्ग. बोरी नदीवर आडवा बांध घातलेला, आणि बांधाच्या पोटात महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमाराला, मीर इमादीननं हा पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात बोरी भरून आली की पाणी नर आणि मादी अशा दोन वाटांनी बांधावरून खाली झेपावतं, आणि आत खिडकीशी बसलेला माणूस कोरडा. लोक फोटो काढतात तो पडत्या पाण्याचा. मी मात्र पाषाणांच्या सांध्यांकडे बघत बसतो. दगड बिचारा कुठंही जात नाही, प्रश्न असतो दोन दगडांच्या मधल्या बोटभर जागेचा. चारशेहून अधिक वर्षं नदी त्या बोटभर जागेशी झगडते आहे.

इथं आपली नकोशी चुनखडी कामाला येते. शुद्ध चुनखडीचा चुना हवेत घट्ट होतो, पण पाण्याखाली त्याला श्वास मिळत नाही, तो लोण्यासारखा मऊच राहतो. मातीत वाढलेल्या गाठींत चिकणमाती मिसळलेली असते. ती चुनखडीबरोबर भाजली गेली की असा चुना तयार होतो जो पाण्यातही धरतो. त्यात आणखी जोर हवा तर सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड. तेरच्या आव्यातली भाजलेली माती आणि लोणाऱ्याच्या भट्टीतला भाजलेला दगड, दोघं एकत्र आले की पाण्यालाही न भिणारा जोड होतो. रोमनांनी हीच युक्ती ज्वालामुखीच्या राखेनं साधली होती. आपल्या गवंड्यांनी त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घातलं. कुठल्याही जुन्या किल्ल्यावर गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक दिसतं ती चुन्याची घाणी. बैल फिरवून फिरवून चुना मळायचा, जितका जास्त मळला तितका चांगला. आज गडावर जाणारी पोरं त्या चाकावर बसून सेल्फी काढतात. चुन्यानं अशा पाठी पुष्कळ पाहिल्या असतील.

संस्कृतात चुन्याला एक नाव 'सुधा'. सुधा म्हणजे अमृतही. आणि सुधेनं, म्हणजे चुन्यानं, लिंपलेलं घर ते 'सौध', राजवाडा. मराठीत याच थाटाचा शब्द 'चुनेगच्ची'. चुनेगच्ची वाडा म्हटलं की मालकाची ऐपत न सांगता कळायची. कारण चुना स्वस्त नव्हता. चुनखडी फुकट, पण कोळसा, मजूर, बैल, दिवस सगळ्याला पैसा. गावातली बाकीची घरं दगड-मातीची. दोन-अडीच हात रुंद भिंती, मधे चिखलाचा थर, वर लाकडं आणि त्यावर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, बघायला भक्कम. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतर गावं निजलेली असताना, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा पट्टा हलला, आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, दोन जिल्ह्यांचा तो काळ. मारलं ते भूकंपापेक्षा भिंतींनी. दगड आणि दगड यांच्यामध्ये धरून ठेवणारं काही नव्हतं, कच्ची माती होती, आणि डोक्यावर मणामणांचं माळवद. गोरोबांच्या भाषेत म्हणायचं तर मडकं कच्चं होतं. पण हे मी सास्तूरमधल्या कुणासमोर म्हणणार नाही. पक्कं परवडणं आणि पक्कं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुनर्वसनाच्या वसाहती उभ्या राहिल्या त्या सिमेंटच्या. सिमेंट म्हणजे चुन्याचाच थोरामोठ्यांत गेलेला मुलगा. चुनखडी आणि चिकणमाती एकत्र, पण साडेचौदाशे अंशांना भाजलेली. इंग्लंडच्या जोसेफ अ‍ॅस्पडिननं 1824 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बापाचा एक गुण त्यानं सोडला नाही. दिवसभर ओल्या सिमेंटमध्ये हात घालणाऱ्या मजुराची बोटं संध्याकाळी सोलवटतात, नखांच्या कडा फुटतात. काम चालू असताना दुखत नाही, रात्री आग होते. हातमोजे देणारा मुकादम मी फारसा पाहिला नाही.

आता भिंतीवरून तोंडात येऊ. घरातला चुना बांधकामाच्या चुन्यापेक्षा जास्त फिरलेला आहे. पानाला लावायचा तो बोटाच्या टोकाएवढा, जास्त झाला की तोंड भाजलं, कमी झाला की विडा रंगत नाही. रंगतो तो कातामुळे, पण कात लाल होतो चुन्यामुळे. हळदीचंही तसंच. हळद पिवळी, तिला चुना लागला की लालभडक, आणि जुन्या रीतीचं कुंकू याच रसायनातून येतं. हळकुंडं, टाकणखार, चुना, लिंबू यांचं प्रमाण घराघराचं वेगळं. तुळजापूरच्या बाजारात आज जे ढीग दिसतात त्यातलं किती हळदीचं आणि किती रंगाच्या डब्यातलं, हे कपाळाला विचारावं. ज्या कपाळाची जळजळ होते त्याला उत्तर ठाऊक असतं. मुरगळलेल्या पायाला हळद-चुन्याचा गरम लेप, गांधीलमाशी चावली तर चुन्याचं बोट. आणि जुनं शल्यशास्त्र तर याच्याही पुढं गेलेलं. सुश्रुतानं क्षार तयार करण्याला एक अख्खा अध्याय दिला आहे. झाडांची राख आणि भाजलेल्या चुनखडीचे खडे वापरून असा लेप करायचा की जो शस्त्राशिवाय मांस कापेल. त्याच्या लगेच पुढच्या अध्यायात आगीनं भाजण्याचे चार प्रकार आहेत, प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध, अतिदग्ध. यातला तिसरा 'नीट भाजलेला', म्हणजे वैद्यानं मुद्दाम, योग्य तेवढा भाजलेला. भाकरीचा आणि बोटाचा जो घोळ मी वर घातला तो सुश्रुतानं वर्गवारी करून मिटवला होता.

तंबाखूतला चुना इतका निरागस नाही. तळहातावर तंबाखू, चिमूटभर चुना, अंगठ्यानं मळायचं, थाप मारून धूळ उडवायची, बार भरायचा. नुसत्या तंबाखूला ती किक येत नाही, हे मळणाऱ्याला माहीत असतं, कारण माहीत नसतं. चुन्यामुळं निकोटीन सुटं होतं आणि गालाच्या आतून झपाट्यानं रक्तात उतरतं. चुना तंबाखूचं कुलूप उघडतो. वर्षानुवर्षं एकाच जागी ठेवलेल्या बारानं तिथं पांढरा चट्टा येतो, आणि काही चट्टे पुढं कॅन्सरकडे जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं न ओढता खायच्या तंबाखूलाही कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

पण ज्या धोक्यासाठी मी हा मागोवा लिहायला घेतला तो खाणाऱ्याचा नाही, घरातल्या लेकराचा आहे. पूर्वी चुना पितळेच्या डबीत असे. आता तो प्लॅस्टिकच्या छोट्या पुडीत किंवा ट्यूबमध्ये येतो, पानटपरीवर तंबाखूबरोबर मिळतो. कोपरा दातानं तोडायचा, दाबून काढायचा, उरलेली पुडी खिडकीत. पोराच्या हातात ती येते. मऊ, गुबगुबीत, दाबण्याजोगी. ते दाबतं, पुडी फुटते, आणि पिचकारी सरळ डोळ्यात जाते, कारण दाबताना लहान मूल वस्तू तोंडासमोर धरतं. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी या इजेची नोंद वारंवार केली आहे. रुग्ण बहुतेक लहान मुलं, कारण खेळ. आम्ल डोळ्यात गेलं तर वरचा थर गोठतो आणि आम्लाला पुढं जायला थोडा अडसर होतो. चुना तसा थांबत नाही. तो पेशींतल्या चरबीचा साबण करत आत उतरतो, आणि बुबुळाच्या कडेला ज्या पेशी आयुष्यभर डोळ्याचा वरचा पडदा नव्यानं विणत असतात त्यांनाच मारतो. काचेसारखं बुबुळ मग कायमचं दुधाळ होतं.

इथं चुनकळीची आठवण घात करू शकते. चुन्यावर पाणी घातलं की तो पेटतो, हे ज्यानं अंगणात पाहिलंय त्याचा हात डोळ्यात पाणी मारताना थबकेल. थबकू नये. पुडीतला चुना आधीच विरलेला असतो, त्याची पाण्याशी झालेली झटापट केव्हाच संपलेली असते. घरात असेल ते स्वच्छ पाणी, भरपूर, लगेच, पापण्या बोटांनी उघड्या धरून, वीस-तीस मिनिटं, लेकरू कितीही रडलं तरी. पापणीच्या आत अडकलेला कण ओल्या कापसानं काढायचा. तूप नाही, तेल नाही, दूध नाही. मग दवाखाना, आणि वाटेतही पाणी चालूच. कोरडी चुनकळी किंवा तिची पूड अंगावर सांडली असेल, तर मात्र ती आधी झटकून टाकायची आणि मग पाण्याची धार धरायची.

बाकी चुना जिल्ह्यात गुपचूप सगळीकडे आहे. ढोकीच्या तेरणासारख्या साखर कारखान्यात उसाचा रस निवळायला चुन्याचं पातळ दूध लागतं आणि जोडीला गंधक जाळून त्याचा धूर. म्हणजे पांढऱ्या साखरेच्या दाण्यामागं एक भाजलेला दगड आणि एक जळलेला दगड आहे. गुऱ्हाळातही काहिलीत चुन्याचा हात लागतो, खाली चुलवाणात चिपाडं जळत असताना. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचुदानं एकट्यानं पानं जळली असती, चुना त्याला आवरतो. भाजणारा भाजण्यापासून वाचवतो, हे फक्त इथंच पाहिलं. आणि मैदानावर फक्की. धाराशिवनं देशाला सारिका काळेसारखी खो-खोची कर्णधार दिली, ती अशाच पांढऱ्या रेघांच्या आत घडली. रेघ आखायची ती संगमरवराच्या किंवा दगडाच्या पुडीनं, म्हणजे न भाजलेल्या चुनखडीनं. विरलेला चुना वापरला तर सूर मारणाऱ्या खेळाडूच्या घामाशी आणि खरचटलेल्या गुडघ्याशी तो भिडतो आणि वर औषध करावं लागतं. दिसायला दोन्ही पांढरे.

न भाजलेला चुना तसा आपल्या पायाखाली आणि गळ्यातही असतो. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडकच. न्हाणीघर चकचकीत करायला कुणी तिच्यावर आम्ल ओतलं की ती फसफसते, आणि पाच वर्षांत खडबडीत होते. तुळजाभवानीच्या भक्ताच्या गळ्यातली कवड्यांची माळ हीसुद्धा रासायनिक दृष्टीनं तेच द्रव्य, समुद्रातल्या गोगलगाईनं विणलेलं. आयुर्वेदात कवडी भाजून भस्म करतात, कपर्दिका भस्म. भक्ताच्या गळ्यात ती थंडगार, वैद्याच्या खलात तीच दाहक.

आजी गेल्यावर तिची चंची माझ्याकडे आली. सुपारीचं खांड, अडकित्ता, आणि चुन्याची पितळी डबी. झाकण इतकं घट्ट बसलेलं की ते उघडायला वर्षं गेली. म्हणजे मी प्रयत्नच केला नाही. परवा पाणीमहालाबद्दल टिपणं काढताना ती समोर आली, म्हणून चमच्याच्या टोकानं झाकण उचकटलं. आत पांढरा, तडे गेलेला खडा. नखानं थोडा टोकरला, जिभेला लावला. काही झालं नाही. खडूसारखा लागला.

मग त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले. खडा फसफसला, बारीक बुडबुडे वर आले, आणि तेवीस वर्षांत डबीच्या फटीतून त्यानं जी हवा घेतली होती ती टेबलावर सोडून दिली.